'फॉरमॅट मारावं लागेल' असं कुणी म्हणालं तर : ड्युअल बूटचा हरवलेला बूटलोडर परत आणताना

"मामा, उबुंटू गेलं."

शनिवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन सिस्टिम आहेत, म्हणजे ड्युअल बूट, आणि सगळा प्रोजेक्ट उबुंटूच्या बाजूला आहे. दुपारी लॅपटॉपच्या बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं) अपडेट आलं, त्यानं ते होऊ दिलं, आणि तेव्हापासून मशीन थेट विंडोजमध्येच उघडायला लागलं. विंडोज की उबुंटू असं विचारणारा मेनूच गायब. हा मेनू दाखवून सिस्टिम उघडून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर, उबुंटूत त्याचं नाव ग्रब. जवळच्या एका दुकानात दाखवलं तर तिथल्या माणसानं दोन मिनिटं स्क्रीनकडे बघून निकाल दिला : लिनक्स उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, आठशे रुपये, सोमवारी न्या.

उबुंटू कुठंही गेलं नव्हतं. रविवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर जाऊन ते परत आणलं. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास पेन ड्राइव्ह बनवण्यात गेला. हे काम घरच्या घरी जमतं. पण क्रम पाळावा लागतो, आणि कुठे थांबायचं ते माहीत असावं लागतं. तेच इथे सविस्तर लिहितोय.

एक सूचना आधीच. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाईप करायच्या. अक्षरं सुटी उच्चारली आहेत तिथे तशीच एकेक अक्षर, पण मध्ये जागा न सोडता : एलएसबीएलके म्हणजे एल, एस, बी, एल, के. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही, आणि सीएचरूट म्हणजे सी-एच ला चिकटून रूट.

नेमकं काय हरवतं?

गेल्या दहाएक वर्षांतला लॅपटॉप असेल तर तो जवळपास नक्कीच यूईएफआय पद्धतीनं (जुन्या बायोसची जागा घेतलेल्या) सुरू होतो. त्यात दोन वेगवेगळ्या जागा असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली जागा डिस्कवर : ईएफआय सिस्टिम पार्टिशन (पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक कप्पा), ज्याला सगळे ईएसपी म्हणतात. हे फॅट३२ चं छोटंसं पार्टिशन, बहुतेक वेळा १०० किंवा २६० एमबीचं. त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्याच्या आत विंडोजचा 'मायक्रोसॉफ्ट' फोल्डर आणि उबुंटूचा 'उबुंटू' फोल्डर. उबुंटूच्या फोल्डरमध्ये शिमएक्स६४ आणि ग्रबएक्स६४ या दोन महत्त्वाच्या फायली असतात : शिम आधी उघडतो आणि तो ग्रबला उघडतो. दुसरी जागा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये : तिथे एक यादी असते. कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवरची कोणती फाईल उघडायची, आणि कोणती आधी, एवढंच त्या यादीत लिहिलेलं असतं.

वाड्याच्या दाराशी भाडेकरूंच्या नावांच्या पाट्या असतात ना, तशी ही यादी. पाटी पडली म्हणून माडीवरचा भाडेकरू घर सोडून जात नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर बायोस अपडेटनं पाट्या पुसल्या होत्या. विंडोजनं आपली पाटी लगेच पुन्हा लावून घेतली, उबुंटूची कुणी लावली नाही.

जुन्या, लेगसी बायोसच्या मशीनवर असं दुमजली प्रकरण नसतं. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडसाठी, उरलेल्यात पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटची खूण. ज्यानं शेवटचं इन्स्टॉलेशन केलं त्याचा कोड तिथे बसतो. म्हणून उबुंटू आधी आणि विंडोज नंतर टाकलं की ग्रब पुसला जातो. पूर्वी हे सर्रास व्हायचं.

स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाचा

फोनवर 'चालू होत नाही' एवढंच सांगितलं जातं. त्याचा काही उपयोग नाही, मी फोटो मागतो. स्क्रीनवरून निदान निम्मं होतं.

काही न विचारता थेट विंडोज उघडलं, तर यादीतली नोंद गेली आहे किंवा तिचा क्रम मागे पडला आहे. हा सगळ्यात सौम्य आजार.

काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाणाचं टोक दिसलं, तर ग्रब सुरू झाला आहे पण त्याला त्याची मेनूची फाईल सापडत नाही. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं, तर त्याला त्याचे मॉड्यूलच सापडत नाहीत. पार्टिशनं हलवली, लहान-मोठी केली की ही वेळ येते. क्वचित, जागा हवी म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'हे कसलं अनोळखी पार्टिशन' म्हणत कुणीतरी लिनक्सच उडवलेलं असतं. तसं असेल तर बूटलोडर दुरुस्त करून काही होणार नाही. डिस्कवर काही न लिहिता आधी टेस्टडिस्कसारख्या साधनानं पार्टिशन परत मिळतं का ते बघायचं.

मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, हा वेगळा प्रकार. आणि 'शिम एसबॅट' वगैरे म्हणत 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन मशीन बंद होत असेल, तर तो सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही असलेलाच बूटलोडर सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगचा, मामला. दोन्हीकडे पुढे येतो.

हात लावण्याआधी बिटलॉकर

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीनं आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही सिक्युअर बूट बंद केला किंवा बूटची साखळी बदलली, की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर विंडोजमधला डेटा खरोखरच गेला. बूटलोडरमुळे डेटा जात नाही, किल्ली नसल्यामुळे जातो.

म्हणून पहिलं काम : दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, उपकरणांच्या यादीत आपला लॅपटॉप शोधा, तिथली रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. हो, कागदावर. भाच्यानं ती मोबाईलच्या स्क्रीनशॉटमध्ये ठेवायचं ठरवलं होतं. मी त्याला वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावली. विंडोज उघडत असेल तर आणखी चांगलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा :

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट ०

काम झाल्यावर डिसेबलच्या जागी इनेबल लिहून, शेवटचं रीबूटकाउंट ० गाळून, ते परत चालू करायचं.

विंडोजमध्ये असतानाच पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्याचं एनटीएफएस पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं.

फर्मवेअरची (मदरबोर्डवरची) यादी : फुकटातला उपाय

मशीन बंद करून चालू करा आणि बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ असतं, पण कधीकधी आधी सेटअपमध्ये (बायोसच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं. यादीत 'उबुंटू' दिसलं तर ते निवडा. उघडलं? मग फक्त क्रम बिघडलाय. सेटअपमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर सरकवा, सेव्ह करा, संपलं. पुढचं काही करू नका. बरेच जण या ठिकाणी न थांबता उगाच ग्रब पुन्हा बसवायला जातात आणि नवं झंगट मागे लावून घेतात.

भाच्याच्या यादीत उबुंटू नव्हतं. म्हणून लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता ज्यावरून थेट उबुंटू चालवता येतं तो.

लाइव्ह पेन ड्राइव्ह

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. भाच्यानं तपकीर गल्लीतून घेतलेला एक पडून होता. दुसऱ्या मशीनवर उबुंटूची आयएसओ (इन्स्टॉलेशनची) फाईल उतरवून रूफस नावाच्या प्रोग्रामनं ती पेन ड्राइव्हवर लिहिली. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवायचं. हॉस्टेल-मेसच्या वायफायवर ही पाच-सहा जीबीची फाईल उतरवायची म्हणजे दुपार जाईल, मी घरूनच घेऊन गेलो होतो. तुमच्याकडे जुनी आयएसओ असेल तरी चालते, कारण आपण दुरुस्ती मूळच्या उबुंटूच्या आत शिरून करणार आहोत.

पेन ड्राइव्हवरून सुरू करताना 'ट्राय उबुंटू' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : मूळ सिस्टिम ज्या पद्धतीनं बसवली आहे त्याच पद्धतीनं पेन ड्राइव्ह सुरू व्हायला हवा. बूट मेनूत तोच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' शब्दासह आणि एकदा नुसता. यूईएफआय लिहिलेला निवडा. टर्मिनल उघडून खात्री करता येते :

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

काही फायली दिसल्या तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. 'अशी फाईल वा फोल्डर नाही' असं उत्तर आलं तर लेगसीमध्ये आहात. बाहेर पडा आणि पुन्हा सुरू करा. ही चूक झाली की पुढे ग्रब बसवताना 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' असा संदेश येतो आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. मी एकदा बसलोय.

पार्टिशनं ओळखणं

इथे घाई नको. सगळ्या प्रकरणातली खरी जोखमीची पायरी हीच.

सुडो एलएसबीएलके -ओ नेम,साइज,एफएसटाइप

भाच्याच्या मशीनवर उत्तर आलं ते असं. एनव्हीएमई०एन१ ही ५१२ जीबीची डिस्क. तिच्याखाली पाच ओळी. पी१ : २६० एमबी, व्हीफॅट. पी२ : १६ एमबी, प्रकार रिकामा. पी३ : तीनशे जीबीच्या आसपास, बिटलॉकर. पी४ : साधारण एक जीबी, एनटीएफएस. पी५ : उरलेली सगळी जागा, ईएक्सटी४.

आता हे वाचायचं कसं? लहान आणि व्हीफॅट, तो पी१ म्हणजे ईएसपी. १६ एमबीचं बिनप्रकाराचं पार्टिशन मायक्रोसॉफ्टनं स्वतःसाठी राखलेलं असतं, त्याच्याकडे बघायचं नाही. पी३ विंडोजची सी ड्राइव्ह; प्रकाराच्या जागी एनटीएफएसऐवजी 'बिटलॉकर' दिसलं म्हणजे एन्क्रिप्शन चालू आहे हे इथेही कळतं. पी४ विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन. आणि ईएक्सटी४ चा पी५, तेच आपलं 'गेलेलं' उबुंटू. भाच्याला ती ओळ बोटानं दाखवली तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसला.

पक्की खात्री करायला ते माउंट करा, म्हणजे एका फोल्डरवर जोडून उघडा (पुढच्या आज्ञांसाठीही हे लागतंच) :

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी५ /एमएनटी
एलएस /एमएनटी/होम

आपल्या नावाचा फोल्डर दिसला की डेटा शाबूत आहे. या घडीला बाहेरची डिस्क जोडून महत्त्वाचे फोल्डर कॉपी करून घ्या. प्रोजेक्ट, थिसिस, फोटो, काय असेल ते. दुरुस्तीत काही बिघडेल म्हणून नव्हे. एरवी बॅकअप घेतलेला नसतोच, तो आता होऊन जातो.

तुमच्या मशीनवरचे आकडे वेगळे असतील. साटा डिस्क असेल तर एसडीए१, एसडीए२ अशी नावं येतील. खालच्या आज्ञांत तुमचे आकडे घाला, माझे जसेच्या तसे उतरवू नका. आणि लाइव्हमध्ये डिस्कच दिसली नाही, फक्त पेन ड्राइव्ह दिसला, तर बायोस अपडेटनं स्टोरेजचं सेटिंग रेड किंवा व्हीएमडीवर नेलेलं असू शकतं. सेटअपमध्ये ते पूर्वी होतं तसं एएचसीआयवर आणा.

नुसती पाटी लावायची असेल तर

आधी ईएसपीमध्ये उबुंटूच्या फायली आहेत का ते पाहू.

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो एलएस /एमएनटी/बूट/ईएफआय/ईएफआय/उबुंटू

रस्त्यात 'ईएफआय' दोनदा आलं ती छपाईची चूक नाही. पहिलं माउंटची जागा, दुसरा पार्टिशनमधला फोल्डर. या फोल्डरचं नाव काही मशीनवर मोठ्या अक्षरांत असतं. लाइव्हमध्ये लहान अक्षरांनी सापडलं नाही तर मोठ्यांनी बघा.

शिमएक्स६४ आणि ग्रबएक्स६४ दिसले म्हणजे फायली जागच्या जागी आहेत, फक्त नोंद गेली आहे. भाच्याचं हेच निघालं. मग एकच आज्ञा :

सुडो ईएफआयबूटएमजीआर --क्रिएट --डिस्क /डेव्ह/एनव्हीएमई०एन१ --पार्ट १ --लेबल उबुंटू --लोडर '\ईएफआय\उबुंटू\शिमएक्स६४.ईएफआय'

लोडरच्या रस्त्यात उलट्या तिरक्या रेषा आहेत आणि बाहेर एकेरी अवतरणचिन्हं आहेत. ती चिन्हं विसरलात तर टर्मिनल रेषा गिळून टाकतं आणि नोंद चुकीची बनते. '--डिस्क'पुढे पूर्ण डिस्कचं नाव, पार्टिशनचा आकडा वेगळा. त्यानंतर नुसतं 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' चालवून बघा. 'बूट ऑर्डर'च्या ओळीत चार आकडी क्रमांक स्वल्पविरामानं दिसतील, खाली प्रत्येकाचं नाव. नवी नोंद सहसा आपोआप पहिली येते. नसेल आली तर :

सुडो ईएफआयबूटएमजीआर --बूटऑर्डर ०००३,००००

इथे ०००३ म्हणजे उबुंटू आणि ०००० म्हणजे विंडोज धरलंय. तुमचे क्रमांक पाहून लिहा. रीबूट केलं, मेनू आला. भाचा म्हणाला, "एवढंच?" एवढंच. आठशे रुपयांत आठ दिवसांचा मेसचा डबा होतो, असा हिशोबही त्यानं लगेच मांडला.

ग्रब पुन्हा बसवायचा असेल तर

ईएसपीमध्ये उबुंटूचा फोल्डर नाही, फायली अर्धवट आहेत, किंवा विंडोज नव्यानं टाकताना ईएसपीच पुसलं गेलं, तर वरची आज्ञा पुरत नाही. मग लाइव्हमधून मूळच्या उबुंटूच्या आत शिरायचं. वरीलप्रमाणे पी५ आणि पी१ माउंट केलेले आहेत असं धरून चार आज्ञा :

सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन

प्रॉक म्हणजे पी-आर-ओ-सी, सिस म्हणजे एस-वाय-एस. या चार ओळींमुळे आतल्या सिस्टिमला खरं हार्डवेअर दिसतं. विशेषतः 'सिस'मुळे मदरबोर्डवरच्या यादीपर्यंत हात पोचतो. आता आत :

सुडो सीएचरूट /एमएनटी

प्रॉम्प्ट बदलेल. आता तुम्ही पेन ड्राइव्हच्या उबुंटूत नसून तुमच्या स्वतःच्या उबुंटूत, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आहात. म्हणून सुडोची गरज नाही.

ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय --बूटलोडर-आयडी=उबुंटू
अपडेट-ग्रब
एक्झिट

पहिल्या आज्ञेनंतर 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड' अशा अर्थाचा संदेश यायलाच हवा. तो आला नाही तर पुढे न जाता वरचं वाचा. दहापैकी नऊ वेळा ईएसपी माउंट झालेलं नसतं किंवा पेन ड्राइव्ह लेगसीमध्ये सुरू झालेला असतो.

ईएसपी नव्यानं बनलं असेल तर आणखी एक काम. पार्टिशनची जुनी ओळखसंख्या, म्हणजे यूयूआयडी, उबुंटूच्या एफएसटॅब फाईलमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीत) लिहिलेली असते. ती बदलली नाही तर ग्रब येईल, उबुंटू सुरू व्हायला लागेल आणि मध्येच इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल. 'बीएलकेआयडी' चालवून पी१ ची नवी संख्या बघा आणि /ईटीसी/एफएसटॅब मध्ये /बूट/ईएफआय च्या ओळीत ती घाला.

जुन्या लेगसी मशीनवर सगळं सोपं. ईएसपी नाही, टार्गेट वगैरे काही नाही. आत शिरल्यावर फक्त 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए' आणि 'अपडेट-ग्रब'. एसडीए लिहायचं, एसडीए१ नाही. कोड डिस्कच्या डोक्यावर बसतो, पार्टिशनवर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यावर आमच्या सोसायटीत दोन-तीन जुन्या डेस्कटॉपवर मिंट (उबुंटूवर आधारलेलं लिनक्स) टाकून दिलं, त्यातल्या एकावर हे करावं लागलं.

मिंटवाल्यांसाठी एक तळटीप मजकुरातच : मिंटही ईएसपीमध्ये 'उबुंटू' नावाचाच फोल्डर वापरतं. एकाच मशीनवर मिंट आणि उबुंटू दोन्ही असतील तर ते एकमेकांच्या फायली पुसतात. फेडोरा (आणखी एक लिनक्स) वापरणाऱ्यांनी मात्र यूईएफआय मशीनवर वरची ग्रब-इन्स्टॉल पद्धत वापरू नये. तिथे शिम आणि ग्रब-ईएफआयची पॅकेजेस डीएनएफ या तिथल्या आज्ञेनं पुन्हा बसवायची असतात.

ग्रबच्या प्रॉम्प्टवर अडकलात आणि पेन ड्राइव्ह नाही

उद्या सकाळी सबमिशन आहे, रात्रीचे दोन वाजलेत आणि समोर काळी स्क्रीन. तेव्हा हे कामाला येतं. 'एलएस' टाईप करा. (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. एकेक तपासा : 'एलएस (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब'. ज्यात फायली दिसतील ते तुमचं उबुंटू. साधा ग्रब प्रॉम्प्ट असेल तर :

कॉन्फिगफाईल (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

मेनू समोर येईल. ग्रब रेस्क्यू असेल तर एवढं सरळ नाही, तिथे तीन ओळी लागतात :

सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

इन्समॉड म्हणजे आय-एन-एस-एम-ओ-डी. उबुंटू उघडलं की हे तेवढ्या वेळेपुरतंच आहे हे विसरू नका. आत जाऊन ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब करा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मेनूत विंडोज दिसत नाही

ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. उबुंटूमध्ये /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाईल उघडा आणि ही ओळ घाला किंवा तिच्यासमोरचं हॅशचिन्ह काढा :

ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स

बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या अक्षरांत, 'फॉल्स' लहान अक्षरांत. मग 'सुडो अपडेट-ग्रब'. हे लाइव्हमध्ये नव्हे, मूळच्या उबुंटूत. विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ टर्मिनलमध्ये दिसेल. बिटलॉकर असलेलं विंडोज ग्रबच्या मेनूतून उघडताना कधीकधी किल्ली मागतं. तसं होत असेल तर विंडोज फर्मवेअरच्या बूट मेनूतून उघडा. थोडं गैरसोयीचं आहे, पण भांडण नाही.

सिक्युअर बूटचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुन्या शिमना नाकारायला सुरुवात केली आणि जगभरच्या ड्युअल बूट मशीनवर तो 'एसबॅट'वाला संदेश झळकला. उपाय : सेटअपमध्ये सिक्युअर बूट बंद करा. बिटलॉकरची किल्ली लिहून घेतलीत ना? मग उबुंटूमध्ये जाऊन :

सुडो एमओकेयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट

एकदा रीबूट करून पुन्हा उबुंटूत या, सगळी अपडेट्स घ्या म्हणजे नवा शिम येईल, आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा. तो कायमचा बंद ठेवायचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. उबुंटूचा शिम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, दोघं एकत्र नांदतात.

उलटं झालं तर : विंडोजच उघडत नाही

विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावा, 'रिपेअर'मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. यूट्यूबवर सगळीकडे 'बूटरेक फिक्सबूट' सांगतात. यूईएफआय मशीनवर ते बहुतेक वेळा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून परत पाठवतं. त्यापेक्षा सरळ रस्ता हा. आधी ईएसपीला अक्षर द्या :

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम
सिलेक्ट व्हॉल्यूम ३
असाइन लेटर=एस
एक्झिट

तीनच्या जागी फॅट३२ चा, १०० किंवा २६० एमबीचा जो व्हॉल्यूम दिसेल त्याचा क्रमांक. पेन ड्राइव्हही फॅट३२ असू शकतो, आकार बघूनच निवडा. मग :

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

रिपेअरच्या वातावरणात विंडोजचं अक्षर सी असेलच असं नाही. डी किंवा ई असू शकतं, 'डीआयआर सी:' करून आधी बघा. या आज्ञेनं उबुंटूचा फोल्डर पुसला जात नाही, पण विंडोजची नोंद यादीत वर जाऊन बसते. मग वरची '--बूटऑर्डर'ची पायरी. 'बूटरेक फिक्सएमबीआर' फक्त जुन्या लेगसी मशीनसाठी, आणि ते ग्रब पुसतं हे माहीत असू द्या. लिनक्स कायमचं काढून टाकायचं असेल तर मात्र तिथे तेच आधी करायचं, पार्टिशन नंतर उडवायचं.

बूट-रिपेअर नावाचं आयतं साधन आहे, एका बटणात बरंच काही करतं. वाईट नाही. पण ते नेमकं काय करणार आहे हे कळत असेल तरच वापरावं. त्याच्या 'रेकमेंडेड रिपेअर'नं नको त्या नोंदी झालेल्या मी पाहिल्यात. त्याचा अहवाल तयार करण्याचा पर्याय मात्र उत्तम आहे, कुणाची मदत मागताना तो पाठवावा.

सोमवारी सकाळी नऊ वाजता भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, विंडोज म्हणतंय पहाटेचे साडेतीन वाजलेत." खोलीवरचं वायफाय बंद होतं, म्हणून विंडोजला वेळ दुरुस्त करता आली नव्हती. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की समजायचं : लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक म्हणून वाचतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही, त्यामुळे लिनक्सलाच स्थानिक वेळ लिहायला सांगितलं तरी बिघडत नाही. उबुंटूत एकदाच :

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

त्याला फोनवरच एकेक अक्षर सांगितलं. मग म्हटलं, आता बिटलॉकर परत चालू कर आणि वहीतलं ते पान फाडू नकोस.